पास्कल लिनक्सवर येईपर्यंत

नाशिकच्या एका छोट्या ऑफिसात मी द्राक्षांच्या शीतगृहांसाठी पास्कल या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचो. सन दोन हजारच्या सुमारास आमच्या मालकांनी सगळं विंडोजवरून लिनक्स या मोफत प्रणालीवर न्यायचं ठरवलं. आमचं पास्कल तेव्हा फक्त विंडोजवर चालायचं. भर मीटिंगमध्ये माझा तरुण सहकारी म्हणाला, “काका, तुमच्या पास्कलच्या फोटोला आता हार घाला!” सगळे हसले. माझाच प्रोग्राम जावा या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं काम त्याला मिळालं.

त्याच आठवड्यात एका मासिकात मी वाचलं, की आमचं पास्कल लवकरच लिनक्सवर येतंय. मी ते पान फाडून खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. तो रोज विचारायचा, “काका, तापमानाचं हे गणित कसं बसवलंय?” मी प्रेमाने समजावायचो आणि वाट पाहायचो.

नव्या पास्कलची सीडी आली तोवर त्याचे सात महिने गेले होते. त्याने मालकांना काम दाखवायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या लिनक्सच्या संगणकावर मी माझा जुना प्रोग्राम चालू केला. मालक त्याला सोडून माझ्याकडे वळले. त्याचा चेहरा उतरला आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. “काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“नाही रे,” मी म्हणालो. कुलूपबंद खणावर माझा हात होता.

महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. ते पान अजून माझ्याकडे आहे.