बहिणीचे कोळी

माझी धाकटी बहीण अमरावतीत प्राणिशास्त्र शिकली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना तिनं आमच्या फ्रिजवर झाकणाच्या तीन छोट्या प्लास्टिकच्या डब्या ठेवल्या. प्रत्येकीत अर्धीअधिक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याची माती, आणि त्यावर मसुरीच्या दाण्याएवढं टॅरँट्युलाचं एकेक पिल्लू. मैत्रिणीच्या कोळ्याला झालेली ही पिल्लं तिनं हौसेनं आणली होती. पण तिच्या हॉस्टेलात असलं काही चालणार नव्हतं.

"ताई, आठवडाभर पाह्य. रूम भेटली की नेतो मी."

मी हो म्हटलं. घरात मी आणि आई, दोघीच. मी बडनेऱ्याहून रोज अकोल्याला अप-डाऊन करते, तिथं एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. डब्यांना करायचं काय असतं, असं मला वाटलं होतं.

करायचं बरंच निघालं. माती पूर्ण सुकू द्यायची नाही, पण ओलीही ठेवायची नाही, नाहीतर बुरशी. झाकणाची भोकं सुईची, कारण जरा मोठं भोक दिसलं की पिल्लू पसार. खायला बारीक अळ्या, त्या अकोल्यात पक्षी विकणाऱ्याकडे मिळायच्या. त्या गाडीतून आणायच्या, कात्रीनं कापायच्या, चिमट्यानं तुकडा ठेवायचा आणि खाल्ला नाही तर दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. बहुतेक वेळा खाल्लेला नसायचाच.

"भाजीतली अळी फेकतो आपण," आई म्हणायची, "अन् तू इकत आणून राहिली! काहून वो?"

मलाही तेच कळत नव्हतं.

एप्रिल लागला आणि आठवडाभराची गोष्ट मागे पडली. दुपारी घर तापायचं. कूलर लावला तर त्या वाऱ्यानं डब्या सुकायच्या, नाही लावला तर आम्ही सुकायचो. फोनवर बहिणीच्या सूचना चालूच.

"कूलरसमोर नको ठिवू. खिडकीत तर बिलकुलच नको."

"मग काय कडेवर घेऊ?"

"चिडून काहून राहिली ताई? सावलीत ठेव नं."

पुण्यात बसून सावली सांगणं सोपं होतं. शेवटी मी डब्या माठाशेजारी ठेवल्या. तरी एक पिल्लू गेलं. एका संध्याकाळी घरी आले तर ते पाय पोटाशी आवळून पडलेलं. बहिणीला सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य, "पाणी नसन देल्लं तू." मी फोन कापला. रोज उभ्यानं प्रवास करणाऱ्या माणसाला कोळ्यासाठी बोलणी खावी लागतात, याचा इतका संताप आला की मी जेवलेसुद्धा नाही.

दुसऱ्यानं मातीत बीळ करून त्याचं तोंड बुजवून घेतलं. "उकरू नको," बहिणीचा हुकूम. म्हणजे मी आता नुसत्या मातीला पाणी घालत होते.

मे महिन्यात भर कामात आईचा फोन आला.

"मेला वो तुहा कोळी. उताणा पडला. फेकून देऊ काय?"

समोर माणसांची रांग. बहीण फोन उचलेना. मी काउंटरखाली मोबाइल धरून शोधलं. मेलेला कोळी पाय आवळतो, उताणा पडलेला बहुधा कात टाकत असतो. मी आईला लगेच फोन लावला. "हात लावू नको. डबी हलली तरी मरन. बाळंतपणच समज त्याचं."

गाडी नेमकी त्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबून राहिली. घरी पोचले तर दार लावलेलं, कूलर बंद, पंखा बंद. आई माठाशेजारी खुर्ची टाकून घामानं निथळत बसलेली.

"कूलर काहून बंद केला?"

"थरथरते नं तो, डबी हालते. हळू बोल."

डबीत पिल्लू सरळ झालं होतं. फिकट, जवळजवळ पारदर्शक, आणि शेजारी त्याचीच रिकामी कात. मी आईच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि तिलाच रागावले. ऊन बाधलं असतं तर काय केलं असतं? तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात बहिणीचा व्हिडिओ कॉल. "किती क्यूट! ताई, खाऊ घाल नं त्याले."

"आताच नाई," आई म्हणाली. "दात कवळे असतीन त्याचे."

पावसाळ्यात मातीतल्यानंही बीळ उघडलं, चांगला वाढून बाहेर आला. दिवाळीत बहीण आली तेव्हा मी दोन्ही डब्या कापसात गुंडाळून पिशवीत भरून ठेवल्या होत्या. तिनं पिशवी घेतलीच नाही. रूम तिला जूनमध्येच मिळाली होती, हे तेव्हा कळलं.

"मंग सांगतलं काहून नाई?" मी ओरडलेच.

तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तो एक मेला नं, तवापासून भेव वाटते. माह्याकडं मरतीन ते. तुह्या हातानं जगले."

"तिच्या नाई, माह्या हातानं," आई आतून म्हणाली.

मला भांडायचं होतं, पण मी पिशवीतून डब्या काढून पुन्हा माठाशेजारी ठेवल्या. चार दिवसांनी बहीण रिकाम्या हातानं पुण्याला गेली. कोळी आता त्या डब्यांत मावत नाहीत. या रविवारी मी अमरावतीत जवाहर गेटजवळ उन्हात दुकानं पालथी घालत होते. दुकानदारानं विचारलं, "डबा कायले पायजे, लोणच्याले काय?" मी हो म्हटलं आणि दोन घेतले.