डॉक्टरांचा एक टाका, बाकीचे आपले

मिस्त्रींनी जन्मभर भिंती बांधल्या, पण सुनेच्या खोलीच्या दाराशी उभं राहायची वेळ आली तेव्हा हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. सून अंथरुणाला खिळली होती. याआधी दोनदा पोटातलं मूल हातचं गेलं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता आणि बजावलं होतं, "बाथरूमपुरतं उठायचं. बाकी सगळा वेळ आडवं. शिंक आली तरी जपून."

आणि ही सून कोण, तर शहरातली बस चालवणारी. तिच्या एका हॉर्नसरशी अख्खा चौक बाजूला व्हायचा. तिला आडवं ठेवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. नवरा मालवाहू जहाजावर, फोन लागला तर लागला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. उरले सासरा आणि सून, एकमेकांना धड काही सांगता येत नाही अशी दोन माणसं.

मिस्त्री स्वयंपाकघरात भांडी घासायचे, पण कान पलंगाकडे. पलंग करकरला की हातातलं भांडं तसंच टाकून धावायचे.

"उठलीस का?"

"कूस बदलली, बाबा."

"मग आवाज कसला आला?"

"मी काय सिमेंटचं पोतं आहे का, टाकलं तिथं पडून राहायला?"

"पोतं परवडलं. ते उलट बोलत तरी नाही."

ती खळखळून हसली आणि एकदम पोटावर हात ठेवून थांबली. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. दोघंही श्वास रोखून एकमेकांकडे बघत राहिले. काही झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या घरात हसणंसुद्धा बेतानं व्हायला लागलं.

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी सकाळी येऊन तिचं अंग पुसायचं, केस विंचरायचं बघायच्या. पोरगी घुसमटलीय हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. एके दिवशी त्या पिशवीभर उरलीसुरली लोकर आणि क्रोशाच्या दोन सुया घेऊन आल्या.

"एक टाका डॉक्टरांनी घातलाय, बाकीचे आपण घालू," त्या म्हणाल्या. "छोटे छोटे चौकोन विणायचे, मग एकमेकांना जोडायचे. झाली गोधडी. चार साखळ्या घाल, बिनउंचीचा मुका टाका घालून गोल जोड. त्या गोलात तीन खांबांचा, म्हणजे उभ्या टाक्यांचा, एक जुडगा, मग दोन साखळ्या, परत जुडगा. असे चार जुडगे. चार कोपरे तयार."

सुनेला ना धागा ताणून धरता येईना, ना सैल सोडता येईना. जी मोठी बस अरुंद गल्लीतून लोण्यासारखी काढायची, तिच्या हातात बोटाएवढी सुई हट्टी घोड्यासारखी अडली. थोड्या वेळानं तिनं सुई भिंतीवर भिरकावली आणि तोंड फिरवून घेतलं. "मरू दे. मला काहीच नीट धरून ठेवता येत नाही."

ती कशाबद्दल बोलतेय ते दारातल्या मिस्त्रींना कळलं. मावशींनाही कळलं. 

मिस्त्री आत आले, वाकून सुई उचलली आणि दाराशेजारच्या खुर्चीत बसले. खरं म्हणजे ती सुई घ्यायला पोरगी खाली उतरेल, एवढीच त्यांना धास्ती होती. पण सुई हातात आलीच होती.

"काय म्हणालात मावशी, खांब? खांब आम्हाला सांगू नका. आयुष्य गेलं उभे करण्यात."

बोटं अशी जाड की सुई त्यांत दिसेनाशी व्हायची. तरी त्यांनी गोल जोडला, खांब उभे केले, दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली आणि मोठ्या रुबाबात तुकडा वर धरला. तो चांगला थाळीसारखा गोल झाला होता.

"मिस्त्री," मावशी म्हणाल्या, "चौकोनाचं वाटोळं केलंत."

"पण सगळीकडे सारखंच घातलं की!"

"तिथंच तर चुकलं. कोपऱ्यात एक जुडगा पुरत नाही. कोपऱ्याच्या भोकात दोन घालायचे, मधे दोन साखळ्या. बाजूच्या भोकात मात्र एकच."

मिस्त्रींचा चेहरा पडला. बांधकामावरची माणसं ज्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणायची, त्यांच्याच हातून कोपरे गेले होते! पलंगावरून आवाज आला, "आणा इकडे ती सुई. तुमच्यापेक्षा वाईट तर माझं होणार नाही ना!"

तिथून चुरस लागली. दुपारी मिस्त्री दाराशेजारच्या खुर्चीत विणायचे आणि ती पलंगावर पडल्या पडल्याच, सुई नाकासमोर धरून. तिचे चौकोन घट्ट, आक्रसलेले, मिस्त्रींचे ढगळ. एकदा जुने सोबती अचानक चहाला आले तेव्हा मिस्त्री लोकरीच्या गुंड्यावरच बसले. सोबती बराच वेळ गप्पा मारून गेले. जाताना एकजण म्हणाला, "मिस्त्री, शेपूट लोंबतंय तुमचं." आतून उशीत दाबलेलं हसू ऐकू आलं.

पण चुरस असली तरी मिस्त्रींचं अर्धं लक्ष तिच्या श्वासावरच असायचं. सुईची हालचाल मंदावली की त्यांची सुईही थांबायची. मग ते उगाच विचारायचे, "तुझा कितवा गं?" ती उत्तर द्यायची आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

एका दुपारी त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

"बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली, अगदी हळू, "पोट आवळतंय. मघापासून. थांबतं आणि परत येतं."

मिस्त्रींनी रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या माणसानं पत्ता घेतला, जिना केवढा ते विचारलं, मग म्हणाला, "स्ट्रेचर तुमच्या जिन्यात वळणार नाही. खाली आणून ठेवा."

"तिला चालायचं नाहीये!"

"मग उचलून आणा."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिस्त्रींनी मावशींना हाक मारली, शेजारच्या बंद दारावर थापा मारून तिथल्या न्हाव्याला उठवलं. सुनेला हातांच्या लाकडी खुर्चीत जरा मागे रेलून बसवलं, चादरीनं बांधलं. न्हावी वरच्या बाजूला, मिस्त्री खालच्या. मावशी पुढे, वाटेतल्या कुंड्या आणि सायकली बाजूला सारत.

"गुडघे दुखतात ना तुमचे?" सून म्हणाली.

"गुडघ्यांना नंतर विचारू."

पहिल्या वळणावर खुर्ची कठड्याला अडकली. न्हावी म्हणाला, "जरा टेकवू या." तेवढ्यात तिला कळ आली. तिनं मिस्त्रींचं मनगट असं धरलं की नखं रुतली. तिच्या कपाळावर घाम, डोळे थेट त्यांच्या डोळ्यांत. इतकी वर्षं थट्टेवारीच बोलणारी ती, आणि नजर चुकवणारे हे. आता चुकवायला जागाच नव्हती.

"जाईल का हो हे पण?" तिनं विचारलं.

'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. "मला माहीत नाही, बाळ," ते म्हणाले. "पण मी तुला पडू देणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

खुर्ची तिरकी करून, तसूतसूनं सरकवत त्यांनी ती वळणातून काढली.

इस्पितळात तिला आत नेलं आणि दार लागलं. बाकावर बसल्यावर मिस्त्रींना कळलं की खिशात अर्धवट चौकोन आणि सुई तशीच आली आहे.  हात रिकामे ठेवणं जमेना. त्यांनी विणायला घेतलं. समोरचे नातेवाईक टकामका बघत होते. बघेनात का. एक कोपरा चुकला, उसवला. परत चुकला, परत उसवला. दार उघडलं की ते उठायचे आणि नाव दुसऱ्याच कुणाचं पुकारलं जायचं.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कळा आटोक्यात आल्यात. टाका शाबूत आहे. पण आता घरी नाही, इथेच. एकेक दिवस महत्त्वाचा."

असे एकेक करत तीन आठवडे निघाले. मग कळा थोपेनात, टाका काढावा लागला आणि मुलगी झाली. दिवसांआधी, मुठीएवढ्या तोंडाची, पण रडली. ते रडणं दाराबाहेर ऐकून मिस्त्री भिंतीला पाठ लावून खालीच बसले.

तोवर गोधडी जोडून झाली होती. मिस्त्री ती घडी घालून घेऊन गेले, तर नर्सनं हात आडवा केला. "आजोबा, जाळीची लोकर चालत नाही. इवली बोटं भोकांत अडकतात, तंतू नाकात जातात. मोठी झाली की द्या."

मिस्त्री हिरमुसले. मग सुनेच्या पलंगापाशी गेले आणि गोधडी तिच्या पायांवर टाकली. घट्ट चौकोनांशेजारी ढगळ चौकोन, त्यामुळे कडा सगळी नागमोडी. तिनं ती गळ्यापर्यंत ओढली. मग इतके दिवस आवरलेलं रडू आलं आणि मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात कुठे ठेवावा हे तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही.

काचेच्या पेटीतून निघून बाळ घरी आलं तेव्हा मुलगाही बंदरावरून आला होता. बापानं लेकीला धरलं आणि तो जागचा हलेना, पुतळ्यासारखा. सून त्याला म्हणाली, "घट्ट धर, पण आवळू नकोस. बाबांना विचार कसं ते."

पण बाबांना विचारायची सोय नव्हती. दाराशेजारच्या खुर्चीत मान टाकून मिस्त्री घोरत होते. पलंग करकरला, भांडं पडलं, नातीनं टाहो फोडला. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.