आतोबांची चालू असलेली बहस

आमच्या आतोबांइतका बोलणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा झाला नसेल, आणि ते बोलणं चुकवायला लोकांनी जितक्या सबबी शोधल्या तितक्या सारावसुलीच्या वेळीही कुणाला सुचल्या नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दरबारच्या कचेरीत उभी हयात कारकुनी करून ते घरी बसले. पण घरी असे ते कधी बसलेच नाहीत. संध्याकाळी पगडी चढवून ते दौलतगंजातून निघाले की ओट्यावरची मंडळी आत जात आणि वकिलांना नसलेल्या अशिलांची आठवण येई. जो सापडे त्याला पाचव्या वाक्याला घरून बोलावणं येई. तेव्हा ज्यांना घरच नव्हतं अशा माणसांकडे आतोबा वळले, यात दया किती आणि नाइलाज किती, हे आत्यालाही सांगता आलं नसतं.

सराफ्यातली दुकानं बंद झाली की पुढच्या ओसरीवर काही निराधार माणसं पथारी टाकत. येणारे-जाणारे त्यांच्यापुढे काहीबाही टाकत आणि नजर दुसरीकडे वळवत. आतोबा काहीच टाकत नसत. नजर मात्र रोखून ठेवत. नाव काय, गाव कुठलं, झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळी चौकशी करत. ‘नावसुद्धा न विचारता द्यायचं म्हणजे त्याला घालवून दिल्यासारखंच,’ असं ते मला म्हणत. एकदा त्यांनी एका बड्या सराफाला भर रस्त्यात थांबवून तिथल्या आंधळ्या बाईशी त्याची रीतसर ओळख करून दिली. सराफ त्या दिवसापासून मागच्या गल्लीने जाऊ लागला. बाई मात्र खोकल्यावरून त्याला लांबूनच ओळखी आणि तब्येतीची विचारपूस करी.

याच ओसरीवर रामदीन नावाचा एक म्हातारा होता. बाजारात त्याला ‘ए बुढ्ढे’ म्हणत. आतोबा ‘रामदीनजी’ म्हणत. तो बरेच दिवस काही बोलला नाही. आतोबांना त्याची उणीव भासली नाही, कारण दोघांपुरतं तेच बोलत. पण एका होळीला ते पुरणपोळीचं वर्णन करत असताना रामदीन अचानक म्हणाला, “मीठा रोटी के अंदर काहे भरना? अलग से खाओ.” आतोबा थक्क झाले, मग संतापले, आणि मग त्यांना मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ते पुरणपोळी घेऊन गेले, दान म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. रामदीनने ती शांतपणे खाल्ली आणि अजून पटलं नसल्याचं सांगितलं. मग तुपाबरोबर, दुधाबरोबर, शिळी, ताजी असे पुरावे जात राहिले. पुरण वाटून वाटून आत्याचे हात दुखू लागले. तो मेला एकदाचा हो म्हणेल तर मी सुटेन, असं ती म्हणे. रामदीन हो म्हणायला इतका खुळा नव्हता.

या वादावादीतच आतोबांनी त्याची हकीकत काढून घेतली. पुरात घर गेलं होतं, बायको आधीच गेली होती. लेक होती, पण लेकीच्या सासरी जाऊन राहायचं कसं, म्हणून तो शहरात आला आणि ओसरीवरच राहिला.

त्या हिवाळ्यात थंडी फार पडली. एका सकाळी रामदीन तापाने फणफणलेला आतोबांना दिसला. टांग्यात घालून त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होतो. तिथल्या कंपाउंडरने जागा नसल्याचं सांगितलं आणि, ज्याचं मागेपुढे कुणी नाही त्याला ठेवून घ्यायचं कसं, असंही विचारलं. मग आतोबांच्या पगडीकडे बघत म्हणाला, “ये आपके कौन लगते हैं?”

साध्या ‘कसे आहात’ला अर्धा तास उत्तर देणाऱ्या आतोबांनी या वेळी दोन वाक्यांत आटोपलं. “हमारी इनसे बहस चल रही है,” ते म्हणाले. “बीच में छोड़कर कैसे जाएँ?”

कंपाउंडर हसला नाही. त्याने व्हरांड्यात एक खाट टाकायला लावली.

रामदीन बरा होईपर्यंत आतोबा रोज तिथे बसत. मंडईत येणाऱ्या गाडीवानांना गाठून त्यांनी त्याच्या लेकीच्या गावी निरोप धाडला. आतोबांचं बोलणं टाळण्यासाठी का होईना, गाडीवानांनी तो पोचवला. लेक आली ती रडत आणि भांडतच. इतके दिवस मला परकं केलंत, असं बापाला म्हणाली. रामदीन कुरकुरला, पण आतोबांनी लेकीची बाजू इतक्या विस्ताराने मांडली की त्यापेक्षा गावी जाणं त्याला सोपं वाटलं असावं.

स्टेशनावर छोट्या रुळांच्या गाडीत बापलेकींना बसवून आतोबा घरी आले. पगडी खुंटीला लावली आणि कुणाशी न बोलता झोपाळ्यावर बसले. काय झालं, असं आत्याने दोनदा विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “घरी या म्हणाला. गाडी सुटेपर्यंत म्हणत होता, की घरी या.”

आतोबांना आपणहून कुणी घरी बोलावल्याला किती काळ लोटला होता, हे आमच्यापैकी कुणाच्याच कधी मनात आलं नव्हतं.