वॉर्डातली सेकंड शिफ्ट

माझा मोठा भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता. शिफ्ट सुटल्यावर पिऊनच घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. त्यामुळं घरात त्याला कुणी दारुडा म्हणत नव्हतं.

मागच्या वर्षी त्याची गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात भरती करताना डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "कधीमधी, सणावाराला." हे मला नंतर कळलं.

पायात रॉड टाकला. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, घामानं उशी भिजली. पुढच्या दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर तो चादरीचं टोक धरून बोल्ट आवळल्यासारखं पिळत होता.

"काय करायलास?"

"लाइन थांबलीय. सुपरवायझर बघायलाय. तू बाजूला हो."

थोड्या वेळानं त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. त्याच पायानं तो पलंगावरून उतरायला निघाला. दोन वॉर्डबॉयनी धरलं. वहिनीची आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय, खुलताबादला दर्ग्यात न्या.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी वहिनीला आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, खरं सांगा. रोज किती?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "दोन क्वार्टर. सुट्टीला दुपारपासूनच."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासून."

त्या रागावल्या नाहीत. रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, जिवावरही बेततं, आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी औषध सुरू केलं असतं, एवढं सांगून त्यांनी इंजेक्शन लिहिलं.

शुद्धीवर आल्यावर भावाला यातलं काही आठवत नव्हतं. "मी कशाला मुंग्या बघू?" म्हणाला. सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं निघालं.

हाड जुळेपर्यंत तो गोळ्यांवर, दारूशिवाय राहिला. कामावर गेला आणि परत पिणं सुरू झालं. यंदा काविळीमुळं भरती केलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारायच्या आधीच वहिनीनं सगळं सांगून टाकलं. भाऊ पडल्या पडल्या तिच्याकडं बघत राहिला. नाय म्हणाला नाही.

त्यानंतर घेतली नाही, असं तो सांगतो, आणि वहिनीही तसंच सांगते. डोळ्यांतला पिवळेपणा बराच उतरलाय. कारखान्यात आता त्याला स्टोअरमध्ये बसवलंय. लाइनवर उभं राहणं जमत नाही.