गाद्यांचा बांध

मुंबईतल्या एका वातानुकूलित हॉलमध्ये, भर दुपारी, मी समुद्र अडवला. अंगावर पाण्याचा एक थेंबही उडाला नाही.

माझी लेक सायली अशा एका संग्रहालयात कामाला लागली होती, जिथे एकही वस्तू नाही. भिंतींवर, छतावर, जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं सोडतात. ती हलतात, आणि आपण त्यांच्या आत उभं राहायचं. (आतच उभं राहायचं तर चित्र बघायचं कुठून, असं मी विचारलं होतं.) सहा महिने तिला तात्पुरतं ठेवलं होतं. त्या शनिवारी तिने स्वतः तयार केलेला पाण्याचा देखावा पहिल्यांदा लोकांना दाखवणार होते. तो बघून मोठ्या मॅडम ठरवणार होत्या, सायलीला कायम करायचं की घरी पाठवायचं.

"मम्मी, तू आणि आजी नक्की या," ती फोनवर म्हणाली. "फक्त एक कर."

"काय?"

"काही करू नकोस."

मी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवते. काही न करण्याचा मला सराव नाही. पण लेकीच्या नोकरीचा प्रश्न होता, म्हणून कबूल केलं.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मांडव्याला लाँचमध्ये बसल्यापासून तिच्या शंका सुरू झाल्या.

"तिथं हाय काय बघायला?"

"फुलं, पाखरं, पाणी."

"ते आपल्या दारात न्हाय?"

"ते खरं असतं, आई. इथे नुसता उजेड आहे. हात लावायला गेलीस तर काही लागणार नाही."

"मग कशाला जायाचं?"

यावर मी समुद्राकडे बघत बसले. आईनेही समुद्राकडे बघितलं, आणि समुद्र दिसला की ती ज्या विषयावर येते त्या विषयावर आली.

आमचं गाव खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे फक्त मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला तो फुटला की आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. मी आठ वर्षांची असताना अशीच एका दुपारी आमच्या बांधाला खांड गेली. वडील छातीभर पाण्यात उतरले आणि मला म्हणाले, "पळ, गावात जाऊन ओरड." मी पळाले. वेशीपाशी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पहिल्या घरात शिरून हातवारे करेपर्यंत आमची तीन शेतं पाण्याखाली गेली होती. वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. "पाणीच जास्त होतं," एवढंच म्हणायचे.

आईचं मत वेगळं होतं, आणि ते तिने लाँचमध्येही ऐकवलं. "हिच्यापरीस कुत्र्याला धाडलं असतं, तर तो भुकला तरी असता."

हॉलमध्ये बसायला बीनबॅग होत्या. आत थर्माकोलचे दाणे भरलेल्या, गोणीएवढ्या, बसलं की माणसाला गिळणाऱ्या गाद्या. आई एकीत बसली आणि जवळजवळ दिसेनाशी झाली. आधी भिंतींवर फुलं उमलली. ("येक पण झेंडू न्हाय," गादीतून आवाज आला.) मग पाखरं उडाली. जमलेल्या वीसेक लोकांनी फोन वर करून फोटो काढले. दाराशी सायली उभी होती, शेजारी मॅडम. मी सायलीकडे बघून हाताची घडी घातली. म्हणजे बघ, मी काही करत नाहीये.

मग अंधार झाला, आणि पाणी आलं.

मला वाटलं होतं मोठमोठ्या लाटा येतील. तसं झालं नाही. समोरच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, बोटभर पाणी पाझरलं. मातकट, कडेला फेस असलेलं. मग शेजारची माती ओली झाली. मग मूठभर ढासळली. मग ती धार वळसे घेत जमिनीवरून थेट माझ्या पायांकडे यायला लागली.

हा नुसता उजेड आहे हे मला पक्कं माहीत होतं. तासभर आईला तेच समजावत आले होते. पण माझे पाय निर्णय घेताना डोक्याला विचारत नाहीत.

"खांड गेली!"

पंचेचाळीस वर्षं अडकलेला आवाज एकदम बाहेर पडला. हॉल घुमला. मी पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत ओढली आणि जवळच्या हाफपँटवाल्या गृहस्थांच्या खालची गादी धरली.

"अहो, मी बसलोय," ते म्हणाले.

"बसा, बुडाल."

ते उठले. मी गादी कोपऱ्यात आपटली आणि दुसरीकडे वळले. "ओळ करा. हातोहात द्या. ढकलाढकली नको." लोकांनी चक्क ओळ केली. (हे वाक्य तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे असं मी इतके दिवस समजत होते.)

"आंटी, हे शोमध्ये आहे का?" एका मुलीने विचारलं.

"बोलू नको, गादी दे."

आई गादीतून वर आली होती आणि काठी टेकून सगळ्यांवर नजर ठेवत होती. "चड्डीवाले भाऊ, गुडघ्यात वाकून उचला, नायतर कंबर जाईल." भाऊ गुडघ्यात वाकले.

पाणी काही थांबेना. ते गाद्यांवरूनही वाहायला लागलं, म्हणून मी आणखी मागवल्या. अकराव्या गादीची शिवण उसवली. पांढरे दाणे भसाभस बाहेर पडले, एसीच्या वाऱ्याने उडाले आणि केसांना, कपड्यांना, भुवयांना चिकटले.

दिवे लागले.

फरशी ठणठणीत कोरडी. कोपऱ्यात दहा गाद्यांचा ढीग. वीस माणसं ओळीत उभी राहून धापा टाकत होती, आणि सगळ्यांच्या पुढे मी, उघड्या पोटऱ्यांनी, हातात रिकामी खोळ घेऊन.

मॅडम आत आल्या. "या कोण?"

मी सायलीकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे ओळख देऊ नकोस, नोकरी वाचव. तिचा चेहरा दाण्यांइतका पांढरा पडला होता.

"माझी आई," ती म्हणाली. "आणि ती माझी आजी. बांध कसा फुटतो ते मला यांनीच सांगितलंय."

मॅडमनी बाहीवरचा एक दाणा उचलला, कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघितलं आणि तो दाणा बोटांत धरूनच निघून गेल्या.

परतीच्या लाँचमध्ये मी साडीला चिकटलेले दाणे वेचत होते. वडिलांच्या तीन शेतांनंतर आज लेकीची नोकरीही मीच बुडवली, असा माझा हिशेब झाला होता. मांडव्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा फोन वाजला.

"मम्मी, कायम केलं मला."

"का?" मी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हॉलमध्ये कुणी फोटो काढत नव्हतं. आणि उद्यापासून गाद्या जमिनीला स्क्रूने बसवायच्यात, ते काम माझ्याकडे दिलंय."

मी आईला सांगितलं. तिने हात जोडले, पदराने डोळे पुसले. लेकीचं कौतुक झालं, आता मलाही थोडं हवं होतं.

"या वेळी ओरडले की नाही मी?" मी विचारलं.

"वरडलीस," आईने मान्य केलं. मग काठीने लाँचची फळी ठोकून दाखवली. "पण आधी खुंट ठोकायचे आसतात. मग पेंढा. मग चिखल. तू आपली गोणीवर गोणी टाकत सुटलीस. येका भरतीलाही टिकला नसता तो बांध."

त्या दिवशी आमच्या घरातून दोघी परीक्षेला बसल्या होत्या. लेक पास झाली.