घरी जनावरं आहेत का?

माझे यजमान मला चांगली बाई समजतच वारले. लेक अजून समजते, गल्ली समजते, बचत गटाच्या बायका तर कार्यक्रम असला की मला पुढच्या खुर्चीत बसवतात. यातल्या एकापाशीही मी हे बोललेले नाही. देवापुढेसुद्धा नाही, कारण तिथं हात जोडले की माझं तोंड आपोआप दुसरंच काहीतरी मागू लागतं. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

कुठून सुरू करू? म्हशीपासून करते. माणसापासून सुरू केलं तर मी पुन्हा वळसा घालून पळेन, मला माझी सवय माहीत आहे.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं. त्या वर्षांत कापसावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्याचं नाव, आणि ते वाचवत नसे. ज्याला त्याला वाटायचं की शेतीला काहीतरी जोडधंदा हवा. आम्ही बायकांनी गट काढला आणि दुधाच्या म्हशी घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष मी. जिभेला धार होती म्हणूनच केलं असेल, दुसरं कारण मला दिसत नाही. जुनी माणसं सांगत होती की ओळखीच्या घरची, आपल्याकडचीच जनावरं घ्या. मी ऐकते होय? मी स्वतः बाजारात गेले. तोवर आमच्या गावची कुणी बाई गुरांच्या बाजारात म्हैस निवडायला गेली नव्हती. बाहेरून ट्रकनं आलेल्या काळ्याभोर, पीळदार शिंगांच्या म्हशी मी हात लावून लावून निवडल्या. आधी रक्त तपासून घ्या, असं बाजारात कुणीतरी म्हणालंही. मी म्हटलं, सोयरीक जुळवायला आलो का आपण? सगळे हसले. माझ्याच विनोदावर मीही खूप हसले.

त्यातली सगळ्यात देखणी म्हैस माझ्या दावणीला आली. साहजिकच आहे, अध्यक्ष मी होते.

आता नसीम. ती आमच्या शेजारची. तिचा नवरा रफीक पिंजारी, गाद्या-रजया भरून द्यायचा. नसीम माझ्याहून पुष्कळ लहान, मला वैनी म्हणायची. तिचे हात फार निमुळते होते, आणि त्या हातांना गल्लीत मोठा मान होता. म्हैस व्याली आणि जार पडली नाही की नसीमला हाक जायची. जार म्हणजे पिल्लामागून पडते ती वार. आत अडकली की सडते, जनावर जातं. पुरुषांचे हात रुंद, जनावरांचा डॉक्टर तालुक्याला. मग नसीम कोपराच्या वरपर्यंत गोडं तेल चोळायची आणि म्हशीशी गप्पा मारत मारत जार सोडवून आणायची. तिच्या स्वतःच्या घरी एक शेपूट नव्हतं. पण हाताला गुण आहे, असं सगळ्याच म्हणायच्या. ती त्याचं काही घ्यायची नाही. चीक पाठवला तर तेवढा ठेवून घ्यायची, कारण रफीकला खरवस आवडायचा.

लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. दर्गा झाला, देवी झाली, अमरावतीचे दवाखाने झाले. आणि त्या हिवाळ्यात तिला दिवस राहिले. हे तिनं आईलाही सांगायच्या आधी मला सांगितलं. सांगताना ती लाजली नाही, घाबरली. मोठ्यानं बोललं तर निघून जाईल, असं तिला वाटत होतं. मी तिला जवळ घेतलं. ते खरं होतं हो — तेवढं तरी खरं होतं.

त्याच हिवाळ्यात माझी म्हैस गाभडली. दिवस भरायच्या आधीच पारडू मेलेलं पडलं आणि जार आत राहिली. यजमान म्हणाले, डॉक्टरांना निरोप गेलाय, वाट पाहू. मला कुठला धीर? मी कुंपणावरून नसीमला हाक मारली. ती पोटुशी आहे हे गल्लीत एकट्या मला माहीत होतं, आणि हाक मीच मारली. ती ओढणी खोचत आली. मी गोठ्याच्या दाराशी रडत बसले होते.

"वैनी, तुमी कायले रडून राहिल्या? मी हाओ न. आता काढून देतो."

काढून दिली तिनं. सगळी घाण तिच्या हातांवर, कपड्यांवर, तोंडावरही शिंतोडे उडाले. तिनं ते बाहीनं पुसले आणि म्हशीला थोपटलं. मेलेलं पारडू गड्यानं नेऊन नाल्यात टाकलं. कुत्र्यांनी ते ओढत खाली नेलं, जिथं गल्लीतल्या सगळ्या म्हशी पाण्याला उतरतात तिथपर्यंत. हे मी पाहिलं होतं. पाहून घरात आले.

डॉक्टर मागाहून आले, म्हशीचं रक्त घेऊन गेले. काही दिवसांनी परत आले ते थेट माझ्या अंगणात, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तपासणीत रोग निघाला होता. एकीचा दुसरीला लागतो, म्हशी गाभडतात, आणि माणसालाही होतो, म्हणाले. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. सगळ्यात वाईट ती जार आणि तिच्याबरोबर पडणारं पाणी. पोटुशी बाई तर जवळही येऊ देऊ नका. मग त्यांनी विचारलं, जार कुणी काढली?

मी म्हटलं, "मी काढली."

जरा थांबते.

किती चांगलं दिसतं नाही हे? दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतल्यासारखं. पण नसीमचं नाव घेतलं असतं तर डॉक्टर तिथूनच शेजारच्या दारात गेले असते. गल्लीला कळलं असतं की अध्यक्षबाईंनी मिरवत आणलेली म्हैस रोग घेऊन आली. गटाचं दूध बंद पडेल म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. तेही खोटं. बाकीच्या म्हशींचं दूध चाललंच असतं. मला फक्त माझं नाक सांभाळायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "मग ताई, तुम्ही रक्त तपासून घ्या. आणि ताप आला तर दवाखान्यात आठवणीनं सांगा, म्हैस गाभडली होती म्हणून. नाही सांगितलं तर ते टायफॉइड समजतील. त्यांना कसं कळणार? आमचा दवाखाना वेगळा, त्यांचा वेगळा."

पारडू कुठं पुरलं, हेही विचारलं त्यांनी. चुना टाकून पुरलं, असं मी सांगितलं. एकदा जीभ वळली की वळते.

आणि ऐका, मी खरंच अमरावतीला जाऊन रक्त तपासून आले. मी! जिनं जारेला बोटही लावलं नव्हतं. काही निघालं नाही. घरी दूध दोनदा उकळायला लावलं, लेकीला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. म्हणजे मला समजलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

नसीमला ताप यायला लागला. दुपार कलली की अंग तापायचं, कपडे घामानं पिळून काढावेत असे भिजायचे, सकाळी पुन्हा बरी. कंबर धरून चालायची. गावच्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. उतरायचा आणि परत यायचा. शेवटी तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात रफीकला थांबू देत नव्हते, म्हणून तो मला म्हणाला, वैनी, तुमी संगं चला. मी गेले. चांगली बाई ना मी.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण घाईची नव्हती. ताप कधी येतो, कधीपासून येतो, बाहेरगावी गेली होती का, पाणी कुठलं पिता, सगळं विचारत होती. आणि मग तिनं विचारलं, "घरी जनावरं आहेत का?"

नसीम म्हणाली, "नाई जी. आमच्या घरी त बकरीबी नाई."

खरंच सांगितलं तिनं. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. शेजारची म्हैस तिच्या ध्यानात तरी कशी यावी? जार काढणं हे तिच्या लेखी जनावर पाळणं नव्हतं, शेजारधर्म होता. डॉक्टरीण माझ्याकडे वळली आणि लिहायची थांबली. काही सांगायचं आहे का, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. एक वाक्य होतं माझ्याजवळ. जनावरांच्या डॉक्टरांनी ते माझ्या हातात जसंच्या तसं ठेवलं होतं, फक्त पुढे द्यायचं होतं. दोन दवाखाने आणि मध्ये मी एकटी.

मी नसीमची ओढणी डोक्यावरून सारखी केली.

टायफॉइडचं औषध सुरू झालं. पोर गेलं. तेव्हाही मीच तिच्याजवळ होते, मीच तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती मलाच विचारत होती की माझं काय चुकलं.

इथंच संपलं असतं तरी पुरे होतं. पण उन्हाळा लागला आणि गल्लीतल्या म्हशी एकामागून एक गाभडू लागल्या. गटाची बैठक बसली. एकजण म्हणाली, "तिचंच पोट रिकामं झालं न बाई, अन् तोच हात आपल्या म्हशीयले लागला." गुणाचा हात होता तो अपशकुनी झाला. हळूहळू त्या बोलण्याला दुसराही रंग चढला. तो कोणता, हे तुम्हाला सांगायला नको. अध्यक्ष म्हणून मी काय केलं? म्हशींची नजर उतरवली. लिंबं ओवाळून नाल्यात टाकली, त्याच नाल्यात. नसीमला हाका जाणं थांबलं, चीक जाणं थांबलं, मग बोलणंही थांबलं. रफीकनं सामान भरलं आणि ती दोघं तिच्या भावाजवळ अकोल्याला गेली. निघताना ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अकोल्यात एका लग्नात ती मला दिसली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. भिंत धरून चालत होती. वय माझ्याहून लहान, पण पाठ माझ्या आईसारखी वाकलेली. मूल झालं नाही. "अजूनबी येते ताप, वैनी. कोणी संधिवात म्हणते, कोणी काय म्हणते. दवाखाने करून करून थकलो." मग तिनं मला हाताला धरून तिच्या भावजयांपुढे नेलं आणि सांगितलं की या माझ्या शेजारच्या वैनी, दवाखान्यात माझी माय होऊन बसल्या होत्या. भावजयांनी खुर्ची दिली. नसीमनं स्वतः चहा आणला.

मी तो प्यायले.

रोगाचं नाव कळलं तर अजूनही त्यावर औषध करता येतं. निदान डॉक्टरांना योग्य ती तपासणी तरी करता येते. हे मी त्या लग्नाच्या आधीच विचारून ठेवलं होतं, चहा पितानाही मला ते ठाऊक होतं. निघताना तिच्या भावाचा पत्ता मी नीट विचारून घेतला. आमच्याकडून सकाळच्या बसनं निघालं की माणूस जेवणवेळेला अकोल्यात पोचतो. त्यालाही आता काही वर्षं झाली. मी गेलेले नाही.