वेलीबरोबर कोण कोण आलं

घर सोडताना पहिली चूक मी अंगणातच केली. निघायच्या गडबडीत सगळ्यांच्या पाया पडलो. शेजारच्या काकांच्या पडलो, टेम्पोवाल्याच्या वडिलांच्याही पडलो, आणि ते तर नुसते टेम्पो बघायला आले होते. राहिले ते अण्णाच, माझे वडील. टेम्पो सुरू झाल्यावर लक्षात आलं. मी उतरायला लागलो, तर अण्णांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाची छोटी वेल खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "राहू दे आता. ही जगव."

भाऊ, वहिनी, आणि आपल्यातले जे जे गाव सोडून पांगलेत ते सगळे, हे लिहितोय ते त्या वेलीमुळे.

मुलगी सासरी निघते तेव्हा गाव रडतं. मी सासरी निघालो तेव्हा गाव हसलं. सुमाचे वडील गेले, ती एकुलती एक, आणि तिची आई मालवणजवळ एकटी. माझं हिशेबाचं काम कॉम्प्युटरवर चालतं, रेंज असेल तिथून. म्हणून नाशिककडचा मी तारकर्लीच्या अलीकडच्या एका वाडीत घरजावई झालो. तिकडे सकाळी बागेत औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग यायची; इथे मासेवालीच्या हाकेने येते. अंगणाला आता मीही खळं म्हणतो. सोलकढी मात्र अजून औषधासारखी पितो.

सासूबाई जावयाशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत. मी समोर उभा असलो तरी त्या सुमाला सांगतात, "तुझ्या घोवाक सांग, जेवान वाढलाय." घोव म्हणजे नवरा, हे मला जेवण थंड झाल्यावर कळलं.

खळ्याच्या कडेला त्यांची रोपवाटिका आहे. जास्वंद, पेरूची कलमं. पाहुण्यांसाठी खोल्या ठेवणारे लोक अंगण सजवायला रोपं घेऊन जातात, त्यावर त्यांचं घर चालतं. अण्णांची वेल मी तिथेच, जास्वंदीच्या शेजारी लावली. ती धरली. आणि काही दिवसांनी जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला. शेंडे वाकडे झाले, पानं चिकट. खोल्यावाल्या एका गिऱ्हाइकाने रोपं हातात घेतली, उलटी करून बघितली आणि परत ठेवली.

शेजारी सुमाचे चुलते राहतात, तात्या. सुमाच्या वडिलांच्या पाठचे, आणि आता भावकीतले सगळ्यांत मोठे. त्यांनी जास्वंद बघितली, मग वेल बघितली, मग मला बघितलं.

"वयनी, घाटावरचो जावय केलास, आता घाटावरची कीडय पोस."

सासूबाई सुमाकडे वळल्या. "तुझ्या घोवाक सांग, ती वेल उपटून टाकूक."

सुमाने माझ्याकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती. मी चार दिवस मागितले आणि दुसऱ्या दिवसापासून चिरडायला लागलो. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आपल्याकडे बागेचा काळ. अण्णा म्हणायचे, "पांढरं दिसलं की चिरडायचं, विचार मागून." जाडजूड, लांब झुपक्यांचे मोठे पांढरे दिसत, ते मी आधी घेई. वाटायचं, हे पुढारी असणार.

मग त्यातला एक पळाला. पिठ्या ढेकूण पळत नाही, भाऊ, तुला माहीत आहे. तो बसल्या जागी रस शोषत राहतो. मला संशय आला. मी एक फांदी त्या पुढाऱ्यासकट बरणीत ठेवली, वर मलमलीचा तुकडा बांधला आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवून दिली. हिशेब करता करता बघत बसलो. मोठा पांढरा लहान पांढऱ्यांना खात होता. त्यांच्या अंड्यांचा कापूस उसकटून आतली अंडी खात होता. त्याने वेषच त्यांचा घेतला होता, आणि मी रोज सकाळी चिरडत होतो ते आमचेच शिपाई.

चार दिवस संपले. मी सुमाला बरणी दाखवली, तिने आईला दाखवली, आणि वेलीला आणखी थोडी मुदत मिळाली. बरणीतला तो खाऊन खाऊन एका पानाला चिकटला, हलेना. मेला म्हणून मी टाकून देणार होतो. एका दुपारी बघतो तर बरणीत छोटासा भुंगेरा, तांदळाच्या दाण्याहून लहान. पाठ काळपट, डोकं आणि शेपटाकडचं टोक नारिंगी. आकार ढालकिड्याचा, पण ढालकिडा म्हटला की लाल पाठ आणि काळे ठिपके, एवढंच मला ठाऊक. याला एकही ठिपका नाही. मी तुला फोटो पाठवला, भाऊ.

तू फोनवर हसलास. "अरे, हा क्रिप्टो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पिठ्या ढेकूण खायला म्हणूनच आपल्या देशात आणलेला. मी यंदा डब्यातून आणून बागेत सोडला. तुझ्या वेलीच्या सालीखाली अंडी गेली असतील, दोघांचीही."

दोघांचीही. म्हणजे तात्यांचा संशय बरोबर होता. कीड मीच आणली होती, गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण सासूबाईंनी तंबाखूचं पाणी उकळून पंप भरून ठेवला होता, आणि त्यात किडीबरोबर भुंगेरेही गेले असते. मग सगळं सांगितलं. बरणी खळ्यात ठेवली. तात्यांनी चष्मा पुसला.

"हो खंयसून इलो म्हणतास?"

"ऑस्ट्रेलियातून."

"थंय काय तेका उपाशी ठेवल्यानी?"

"लोकांनीच आणला, तात्या. ही कीड खायला."

"आणि कीड खावन संपली काय मगे? रोपां खातलो?"

"पान खात नाही तो. कीड संपली की जातो दुसरीकडे."

तात्यांनी बरणीवरून नजर माझ्याकडे आणली. "जावयाचाय ताच आसता."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. इथे मोठा निर्णय माणसं एकटी घेत नाहीत. राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतात आणि मग काय ते करतात. गाऱ्हाणं भावकीतल्या वडीलधाऱ्याने घालायचं. म्हणजे तात्यांनीच.

बांधाकडेच्या दगडापुढे तात्यांनी नारळ ठेवला. आम्ही मागे उभे राहिलो.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, ह्या घरच्या माणसान घाटावरसून वेल हाडल्यान, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सासूबाई आणि सुमा म्हणाल्या. मी एक वाक्य मागे होतो.

"तिच्यावांगडा पांढरी कीड इली, काळो किडो इलो. तेच्यात तेचो वायट हेतू नाय होतो, म्हाराजा. कीड जावंदे, किडो रवांदे, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सासूबाईंनी भरलेला पंप आणून तिथेच ओतून टाकला, वाटेकडेला, रोपांपासून लांब.

आता जास्वंदीचे नवे शेंडे सरळ येताहेत. पांढरं अजून दिसतं, पण त्यातलं कोण कोणाला खातंय हे मी आधी वाकून बघतो. वेल जागेवर आहे. इथल्या दमट हवेत तिला द्राक्षं धरतील असं वाटत नाही; अण्णांना तेवढं सांगू नका. तुम्ही फोनवर विचारता, "घरी कधी येतोस?" आणि मी विचारतो, "कुठल्या?" तेव्हा चेष्टा करत नसतो, खरंच क्षणभर कळत नाही. तिकडे गेलो की पाहुण्याचं ताट मिळतं. इथे मिळतं ते कुणाचं, याची मला बरेच दिवस शंका होती.

त्या दिवशी बांधावरून परतताना ती फिटली असं वाटलं. मी सुमाला म्हटलं, "ऐकलंस? तात्या मला घरचा माणूस म्हणाले."

सुमा माझ्याशी एरवी तुमच्यासारखंच बोलते. मालवणीत आली की समजायचं, आता खरं ऐकायला मिळणार.

"फुगान जाव नको," ती म्हणाली. "गाऱ्हाण्यात घरचो म्हणूचाच लागता. भायरच्या माणसासाठी राखणदार जाग्यावरसून उठणा नाय."